टर्कीला घातलेली साद

त्या टर्कीने ह्यांच्यावर झडप घातली तेव्हा मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. पाऊस जरा थांबला होता म्हणून घाईघाईने बाहेर आले होते. हे, म्हणजे माझे यजमान, दुधाचा टँकर घेऊन आमच्या घरमालकाच्या गोठ्यावर आले होते. टँकरची टाकी स्टीलची, आरशासारखी चकचकीत. रानातून आलेला एक दांडगा नर त्या टाकीत स्वतःलाच बघून फुगला होता. शेपटीचा पंखा पसरून तो टाकीतल्या टर्कीला चोच मारायचा, मागे सरायचा, पुन्हा मारायचा.

हे टँकरच्या पुढून वळसा घालून आले. टर्की ह्यांच्या डाव्या हाताला होता, अगदी हातभर अंतरावर. बकरीच्या करडाएवढा पक्षी, डोकं लालभडक, तोंडाने गडगडाट चाललेला. आणि हे त्याच्याकडे न बघता सरळ चालत राहिले. पाय त्याच्या शेपटीवर पडला. मग काय, तो उडाला तो ह्यांच्या मांडीवर. हे चिखलात आडवे झाले.

घरमालक गोठ्याच्या दारात उभा होता. हसून हसून त्याने खांब धरला. "अरे मेट," ऑस्ट्रेलियात दोस्ताला तसंच म्हणतात, "एवढं मोठं धूड दिसलं नाही तुला?"

"लक्ष नव्हतं," हे चिखलातूनच म्हणाले. इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण एवढं कळलं.

टर्की पुन्हा अंगावर जायच्या तयारीत होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तोंडाने मादीचा आवाज काढला. क्यँव, क्यँव, क्यँव, आधी जोरात, मग हळू. लहानपणी वसईला आमच्या अंगणात टर्की असायच्या. नाताळसाठी आई त्या पाळायची, आणि संध्याकाळी वाडीतून त्यांना घरी आणायचं काम माझं होतं. मादीचा आवाज काढला की नर आधी येतो, नराच्या मागे सगळा कळप येतो. शाळा चौथीत सुटली, पण हे मात्र चांगलं शिकले होते.

टर्कीने मान वळवली. ह्यांना सोडून तो छाती काढून माझ्याकडे चालत आला. मी ओला शर्ट झटकून त्याला पळवलं, तसा तो कुंपणावरून रानात गेला.

घरमालक हसायचा थांबला होता. "मिसिस," तो म्हणाला, "हे परत कर बघू."

मी मान खाली घालून घरात पळाले. पण कळायचं ते त्याला कळलं होतं. ह्या रानटी टर्कींचा कळप त्याच्या नव्या पेरलेल्या ओटची रोपं उपटून खायचा, आणि तो मोठा नर काही केल्या बंदुकीच्या टप्प्यात यायचा नाही. संध्याकाळी तो दारात आला आणि ह्यांना म्हणाला, "रविवारी जाऊ. मिसिस बोलावेल, तू मार. तुझ्या मांडीवर बसला होता, तुझाच मान."

हे लगेच हो म्हणाले. गावी हे मामांची बंदूक घेऊन मिठागरात बदकं मारायला जायचे. त्या गोष्टी ह्यांनी घरमालकाला दहा वेळा सांगितल्या होत्या. आता नाही कसं म्हणणार?

पण तो रविवार येऊच नये असं मला वाटत होतं.

कारण लक्ष नव्हतं हे खोटं होतं. ह्यांना तो टर्की दिसलाच नव्हता.

माझे सासरे पन्नाशीत आंधळे झाले. आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग फक्त समोरचं, पाइपातून बघितल्यासारखं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई त्यांना हाताला धरून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये न्यायच्या. सासरे जेवायला बसले की आधी मान फिरवून ताट शोधायचे, मग वाटी शोधायचे. तीच मान फिरवायची सवय मला वर्षभरापासून ह्यांच्यात दिसत होती. अंधार पडला की हे फाटकाला धडकायचे. बाजूला ठेवलेला चहा हाताने सांडायचे आणि मला ओरडायचे, "इथे कशाला ठेवलास?" एकदा मी धीर करून म्हटलं, "डॉक्टरला दाखवू या का?" ह्यांनी जेवण टाकून दिलं. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. परत हा विषय काढू नकोस."

मी काढला नाही. काढून तरी काय करणार होतो? टास्मानियाच्या वरच्या समुद्रातलं ते लहानसं बेट. चीजचा एक कारखाना, बाकी सगळी गाईंची शेती. ह्यांचा मामेभाऊ सिडनीला होता, त्याच्या ओळखीने कारखान्याच्या टँकरची ही नोकरी मिळाली होती. टँकर गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की ते घरही गेलं. अख्ख्या बेटावर आमची भाषा बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तर कोणाशीच बोलायची नाही. दुकानातसुद्धा बोटाने दाखवायची.

पण एक गोष्ट मला झोपू द्यायची नाही. दुपारी साडेतीनला टँकर लांबच्या शेतांचं दूध घेऊन परत यायचा, आणि त्याच वेळी शाळेची बस समोरून यायची. ओढ्यावरच्या पुलाजवळ रस्ता एवढा अरुंद की एकाने बाजूला थांबायचं आणि दुसऱ्याने जायचं. त्या बसमध्ये आमची मुलगी असायची. आठ वर्षांची. रोज साडेतीनला मी खिडकीत उभी राहून आधी बस बघायची, मग टँकर. दोन्ही दिसले की चहा ठेवायची.

रविवार उजाडला तो पाऊस घेऊनच. तिथे ऑक्टोबरात वसंत असतो. फुलं येतात, वासरं होतात, पण समुद्रावरून पाऊस असा आडवा येतो की छत्री उघडायची सोय नाही. गुरांच्या धारा काढून झाल्यावर घरमालक आला. त्या रविवारी प्रार्थना नव्हती, फादर महिन्यातून एकदाच बोटीने यायचे. मुलीला मी घरमालकाच्या बायकोकडे ठेवलं. तिने मला तिचा जुना रेनकोट दिला, घोट्यापर्यंत येणारा. त्याच्या आत मी डोक्याला फडका बांधला. आईच्या जुन्या लाल लुगड्याचा फडका होता तो. आमच्याकडे बायका शेतावर जाताना डोक्याला तसाच फडका बांधतात, कान झाकून, मागे गाठ मारून. लाल रंग मला इतका सवयीचा की मी त्याचा विचारच केला नाही. टर्कींमध्ये वाढले आणि तरी केला नाही.

मुलगी दारातून म्हणाली, "मम्मी, आर यू रिअली गोइंग?"

"हो गं, लगेच येते."

"बट यू डोन्ट इव्हन गो टू द शॉप!"

घरमालकाला हसू आलं. मलाही आलं असतं, पण ह्यांनी बंदूक खांद्याला लावली होती आणि फाटक उघडायला हात पुढे केला होता. तो हात फाटकाच्या कडीपासून वीतभर लांब हवेत फिरत होता. मी पुढे झाले आणि कडी काढली.

"मी काढत होतो ना," हे म्हणाले.

"माझा हात जवळ होता."

आम्ही ओटच्या शेताच्या कडेने रानात गेलो. टी-ट्री नावाच्या झुडपांची दाट झाडी, खाली कमरेएवढी नेच्यांची झुडपं, मध्येच कागदासारख्या सालीची जुनी झाडं. सकाळचे आठ वाजून गेले असतील, पण आत शिरलं की तिन्हीसांजेसारखा उजेड. पानांवरून पाणी टपटपत होतं. घरमालकाने हळू आवाजात जागा वाटून दिल्या. मोकळ्या जागेच्या काठाला एक पडलेलं खोड होतं, त्याच्या मागे हे बसले. त्यांच्या मागे वीस-तीस पावलांवर, दुसऱ्या एका खोडाआड मी. मी मागून आवाज द्यायचा, टर्की समोरून माझ्याकडे येईल तो ह्यांच्या पुढ्यातून. घरमालक बाजूच्या उंचवट्यावर जाऊन बसला. बंदूक एकच होती, ती ह्यांच्याकडे.

जाता जाता तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मिसिस, इथून हलायचं नाही. नो वरीज?"

मी मान हलवली.

मी पहिली साद घातली. पावसाच्या आवाजात ती कुठे विरली कोण जाणे. थोडं थांबले. दुसऱ्यांदा घातली तेव्हा लांबून, अगदी लांबून, गडगडाट आला. आला! लहानपणीसारखा अंगावर काटा आला माझ्या. मी तोंडावर हात धरून हळू आवाज काढला, लाजल्यासारखा. मादी असाच काढते. तो परत बोलला, पहिल्यापेक्षा जवळून.

ह्यांची पाठ मला दिसत होती. बंदूक खोडावर टेकलेली, नळी समोर. तोपर्यंत सगळं ठीक होतं. समोरचं ह्यांना दिसतं, मी स्वतःला सांगत होते, समोरचं अजून दिसतं.

पण तो शहाणा टर्की समोरून आलाच नाही. तिसऱ्यांदा गडगडला तो उजवीकडून. मग एकदम गप्प झाला. नर जवळ आला की गप्प होतो, फक्त पंख जमिनीवर घासल्याचा बारीक आवाज येतो. तो ऐकायला मी रेनकोटची टोपी मागे टाकली. टोपीवर पाऊस ताशासारखा वाजत होता, काही ऐकूच येत नव्हतं. आणि मी जिथे बसले होते तिथे वरच्या फांदीवरून पाण्याची धार थेट मानेत उतरत होती. आठ-दहा पावलांवर उजवीकडे एक जाडजूड झाड होतं, त्याच्याखाली कोरडं होतं. मी वाकून, नेच्यांमधून सरकत तिकडे गेले. हळूच. टर्की बुजू नये म्हणून कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची सवयही नव्हती.

तिथून मी पुन्हा साद घातली.

हे उठून उभे राहिले. उजवीकडे वळले. टर्कीचा शेवटचा आवाज तिकडून आला होता ना, म्हणून. मग आणखी वळले. मान हळूहळू फिरत होती, ताट शोधताना फिरते तशी, आणि मानेबरोबर बंदुकीची नळी फिरत होती. फिरत फिरत ती थांबली.

माझ्यासमोर थांबली.

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या मागे टर्की आला असणार. मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं, ओलं झाड होतं. मी पुन्हा पुढे बघितलं. वीस पावलांवर माझा नवरा उभा होता, त्याचा गाल बंदुकीला टेकला होता आणि एक डोळा मिटला होता. मला त्याच्या मिशीवरचं पाणी दिसत होतं. त्याला मी दिसत नव्हते. त्याला दिसत होतं ते नेच्यांच्या वर हलणारं काहीतरी लाल. आणि आवाज तर मी स्वतःच दिला होता.

तेव्हा मला डोक्यावरचा फडका आठवला.

ओरडायला हवं होतं. पण त्या एवढ्याशा वेळात माझ्या मनात काय आलं असेल? घरमालक वर बसलाय, हे आलं. मी ओरडले तर तो विचारेल, बायको का दिसली नाही. मग सगळं बाहेर येईल. टँकर, घर, सगळं जाईल. वर्षभर मी ते झाकत आले होते, चहाचा कप सरकवून, फाटकाची कडी काढून. बंदुकीसमोर बसून मी तेच करत होते. फडका काढायला हात वर न्यावा, तर हललेलं बघून हे गोळी घालतील.

बंदुकीचा घोडा मागे ओढल्याचा आवाज आला. बारीक, कट करून.

"अहो," मी म्हणाले. पण आवाज फुटला नाही, नुसती हवा आली.

"अहो! मी आहे! अहो, मी आहे मी!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. झाडीतून पाखरं उडाली. बाजूला कुठेतरी फडफड झाली आणि तो मोठा टर्की नेच्यांवरून दणदण उडत गेला. तो तिथे होता, हे वळल्यामुळे आता ह्यांच्या डाव्या हाताला, पंधरा पावलांवर. त्याच बाजूला, टँकरपाशी होता तसा.

नळी खाली आली. ह्यांनी घोडा अंगठ्याने हळूच पुढे घेतला, खूप हळू, आणि खोडावर बसले.

घरमालक उंचवट्यावरून धावत खाली आला. म्हातारा असून धावत आला. "काय झालं? काय ओरडली ती?"

ह्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "साप दिसला तिला."

"साप? ह्या थंडीत?" तो मोठ्याने हसला. "मिसिस, सापाला माझ्या बायकोपेक्षा जास्त अक्कल आहे. असल्या पावसात तो बाहेर येत नाही." आणि माझ्या पाठीवर त्याने थोपटलं. मी फडका सोडून मुठीत धरला होता. मी हसले. साप तर साप.

तो टर्की कुठे उतरला ते बघायला पुढे गेला. तेव्हा हे माझ्याकडे आले. चेहरा पांढरा पडला होता.

"तू तिथे होतीस ना? इकडे कशाला आलीस?"

"पाणी गळत होतं."

"सांगायचं नाही?"

"टर्की बुजला असता."

"बुजला असता तर बुजला असता!" हे एवढं बोलले आणि ह्यांचा आवाज फुटला. "मी गोळी..."

"तुम्हाला मी दिसले नाही?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्या मुठीतल्या फडक्याकडे बघितलं.

"नुसता फडका दिसला," हे शेवटी म्हणाले. "बाकी काही नाही."

वर्षभरात ह्यांनी पहिल्यांदाच तसं कबूल केलं. मी आणखी काही विचारणार होते, पण घरमालक परत आला. "लांब गेला नाही. ओढ्याकडच्या झाडीत आहे. थोड्या वेळाने परत बोलाव, मिसिस. येड्यासारखा प्रेमात पडलाय तुझ्या, येणारच."

ह्यांनी बंदूक त्याच्यापुढे धरली. "तुम्हीच मारा. माझे हात गारठलेत."

"अरे, मान तुझा आहे."

"तुम्हीच मारा."

घरमालकाने ह्यांच्याकडे बघितलं, मग बंदूक घेतली. त्याने विचारलं नाही, पण बघितलं नीट.

आम्ही तिघं ओढ्याकडे गेलो आणि एकाच खोडामागे ओळीने बसलो. अर्धा तास तरी बसलो असू. पाऊस वाढला, कमी झाला, परत वाढला. हे माझ्या शेजारी, पण माझ्याकडे बघत नव्हते. मग मी साद घातली. घसा ओरडून खरखरीत झाला होता, तरी घातली. तिसऱ्या सादेला तो आला, समोरून, ओल्या पानांवरून पंख घासत, सगळा फुगून. मला त्याची कीव आली. माझ्याच आवाजावर विश्वास ठेवून येत होता. घरमालकाने एकच गोळी घातली. टर्की दोनदा उडाला आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पडला.

"जा मेट, घेऊन ये," घरमालक म्हणाला. "निदान उचलायचा मान तरी घे."

हे उठले आणि चालायला लागले. टर्की काळा, जमीन काळी, ओली पानं काळी. ह्यांनी टर्की पडताना बघितला नव्हता, नुसता आवाज ऐकला होता. हे सरळ गेले, मान इकडून तिकडे फिरवत. टर्की ह्यांच्या डावीकडे राहिला. चार पावलांवर. आम्हाला दोघांना तो लख्ख दिसत होता, डोक्याचा लाल रंग, पसरलेला पंख. हे त्याला ओलांडून पुढे गेले.

माझ्याने राहवलं नाही. "डावीकडे," मी हळूच म्हणाले. "मागे. अजून थोडं मागे. आता खाली, पायापाशी."

नेहमीच्याच आवाजात म्हणाले. घरी शेंगदाण्याची बरणी कुठे आहे ते सांगते तसं. हे वळले, मागे आले, वाकले, हाताने चाचपलं, आणि पाय धरून टर्की उचलला.

घरमालकाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण तो माझ्याकडे बघत होता. मग ह्यांच्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. माझ्या हातातल्या लाल फडक्यावर त्याची नजर गेली, आणि मग मी मघाशी जिथे बसले होते त्या झाडाच्या दिशेला. त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा मी विसरले नाही. त्याच्यात राग नव्हता. भीती होती.

हे टर्की घेऊन आले तेव्हा घरमालकाने स्वतःचा हात ह्यांच्या कानाजवळ, बाजूला धरला. "मेट, किती बोटं?"

"कुठे?" हे म्हणाले.

हात अजून तिथेच होता, हलत होता.

"किती दिवस झाले?" घरमालकाने विचारलं.

टर्कीचं रक्त पावसाच्या पाण्याबरोबर ह्यांच्या बुटावर टपकत होतं.

"पुलावर रोज दुपारी बस येते," घरमालक म्हणाला. सावकाश बोलला, मला कळावं म्हणून असेल. "माझी नात त्यात आहे. तुझी मुलगी त्यात आहे."

"मी सांभाळून चालवतो."

"आज तू बायकोवर बंदूक धरली होतीस ना? साप नव्हता."

हे माझ्याकडे वळले. मी सांगितलं असेल असं ह्यांना वाटलं. मी मान हलवली, नाही. पण मग माझंच मला कळेना की मी नाही का म्हणते आहे. मी घरमालकाकडे वळले. त्याच्याशी मी तोवर गुड मॉर्निंगपलीकडे बोलले नव्हते.

"ही नो सी," मी म्हणाले. "साइड नो सी. डार्क नो सी. आय नो, वन इयर."

माझं इंग्रजी तेवढंच होतं, पण पुरलं.

"उद्या तू कारखान्यात जाऊन सांग," घरमालक ह्यांना म्हणाला. "तू सांगितलंस तर ते तुला आतलं काम देतील. मला सांगावं लागलं तर देणार नाहीत." आणि त्याने टर्की ह्यांच्या हातून घेतला, आणि आम्ही परत निघालो.

परतताना हे पुढे, मी मागे. शेताच्या कडेला हे थांबले. "वर्षभर गप्प बसलीस. आजच तोंड उघडायचं होतं?"

"आज उघडलं नसतं तर मुलीला काय सांगितलं असतं तुम्ही?" मी म्हणाले.

फाटकाशी आल्यावर मी कडी काढायला पुढे झाले नाही. उभी राहिले. ह्यांचा हात हवेत फिरला. मग हे म्हणाले, "कुठे आहे?"

"थोडं उजवीकडे. खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टँकरवर गेलेच नाहीत. पायी कारखान्यात गेले, मी बरोबर गेले. ऑफिसच्या बाहेर बाकावर बसले. आतून मला ह्यांचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द नाहीत. अर्ध्या तासाने हे बाहेर आले आणि म्हणाले, "दुधाची भांडी धुवायच्या खात्यात घेतलंय. चल." वाटेत हे एकदा थांबले आणि नाक शिंकरलं. मी पुढे बघत राहिले.

घरमालकाच्या बायकोने अर्धा टर्की आम्हाला दिला होता. म्हातारा नर, मांस चिवट. मी वसईचा मसाला घालून दोन दिवस शिजवला. मुलगी म्हणाली, "इट्स लाइक रबर." ह्यांनी मात्र दोनदा वाढून घेतलं.

कारखान्यात जाऊन आलो त्या दिवशी साडेतीनला मी खिडकीत गेले, सवयीने. बस आली. टँकर आला, दुसराच माणूस चालवत होता. मग मी चहा ठेवला. पण त्या दिवशी टँकर बघायची खरं तर गरज नव्हती.

दोन वर्षांनी आम्ही सिडनीला आलो, मामेभावाजवळ, डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध नाही म्हणाले. आता सिडनीतच पेंडल हिलला राहतो. मुलगी युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत जाते. ह्यांना आता उजेडातही जवळजवळ काही दिसत नाही. रविवारी देवळात जाताना, स्टेशनवर, दुकानात, मी ह्यांच्या डाव्या बाजूने चालते आणि बोलत असते. पायरी आहे. दोन पायऱ्या आहेत. समोर बाई येते आहे, थांबा. डावीकडे. अजून थोडं. लोक वळून बघतात, आधी मला लाज वाटायची.

मुलगी म्हणते, "मम्मी, तू लहानपणी एवढी बोलायचीस?"

मी म्हणते, "नाही गं. टर्कीशी तेवढं बोलायची."

हे ऐकतात आणि हसतात. मग हात पुढे करतात, आणि मी सांगते कप कुठे आहे.